फरशीवर पाय ठेवायचा नाही

मला राग लवकर येतो असं घरात बोललं जातं. साफ खोटं आहे. राग येत नाही, तो माझ्याकडे कायमचा मुक्कामाला असतो. आणि त्याला कारण आहे.

मी गवंडी. जन्मभर सिमेंटच्या फरश्या केल्या. ओली फरशी आणि माणसाचा पाय यांचं काय वैर आहे ते मला विचारा. दोरी बांधा, विटा लावा, वर ‘पाय ठेवू नये’ अशी पाटी टांगा. माणूस येतो, पाटी मोठ्याने वाचतो आणि वाचता वाचता पाय ठेवतो. (चांगला शिकलेला असला तर आणखी आत जातो. त्याला पाटी जवळून वाचायची असते.)

आता काम सोडलं. गुडघे गेले. पण आमच्या बाहेरच्या खोलीची जुनी फरशी तडकली, तेव्हा मी म्हणालो, नवी मीच करणार. शेवटची.

माझ्या बायकोच्या भावाचं टाइल्सचं दुकान आहे. तो लगेच आला. त्याला बोलवावं लागत नाही.

“दाजी, कशाला गुडघे झिजवता? टाइल्स पाठवतो. सकाळी माणसं येतील, संध्याकाळी चकाचक!”

“माझ्या घरात टाइल? गवंड्याच्या घरात?”

“मग काय झालं? डाग पडला तर फडकं मारायचं, संपलं. तुमच्या सिमेंटला ते जमतं का?”

बायको म्हणाली, “तो म्हणतोय ते बरोबर आहे.” (तो काहीही म्हणाला तरी ते बरोबरच असतं. लग्नापासून बघतोय.)

“मी करीन त्या फरशीवर डाग पडणार नाही,” मी म्हणालो.

“बरं,” बायको म्हणाली. “करा तुमची फरशी. पण एक जरी डाग दिसला तरी वरून माझ्या भावाच्या टाइल्स. मग कुरकुर ऐकून घ्यायची नाही मी.”

“मंजूर.”

एवढा एक शब्द मी तोंडातून काढला नसता तर हे सगळं लिहायची वेळ आली नसती.

फरशी केली. गुडघ्यांखाली पोतं घेऊन, एकट्याने. अशी घोटली, अशी घोटली, की वाकून बघावं तर स्वतःचा चेहरा दिसावा. (माझा चेहरा बघायला कुणी वाकत नाही, ती गोष्ट वेगळी.) फक्त मेण लावायचं बाकी होतं. बिनमेणाची सिमेंटची फरशी म्हणजे टिपकागद. जे सांडेल ते पिते आणि प्यालेलं परत देत नाही. म्हणून मी खोलीच्या दारात बाक आडवा टाकला आणि घरात हुकूम काढला: फरशीवर पाय ठेवायचा नाही. संध्याकाळी मेव्हणा बघायला येणार होता. त्याचं पडलेलं तोंड मला मनासारखं बघायचं होतं.

त्याच दिवशी नातीच्या शाळेने काम दिलेलं निघालं. नात सहा वर्षांची. साखर कुठेही ठेवा, हिला सापडते, म्हणून मी तिला मुंगी म्हणतो. धाकटा नातू तीन वर्षांचा. तो इंजिन. का ते पुढे कळेल.

शाळेचं काम काय, तर घरातल्या माणसांच्या पंजांचे आणि पावलांचे रंगीत ठसे कागदावर घ्यायचे आणि त्यांचं झाड करायचं. याला आता शिक्षण म्हणतात. आमच्या वेळीही पंजाचे ठसे होते. मास्तर द्यायचे, गालावर.

मुलगा कामावर. बायको आणि सूनबाई बाजाराला निघाल्या.

“बाबा, रंगाच्या बाटल्या ओट्यावर आहेत,” सूनबाई म्हणाली. “पाण्याने लगेच निघतात. स्वयंपाकघरातच करा हं. जमेल ना? की मामांना बोलावू?”

मामा म्हणजे तोच, टाइल्सवाला. पोरं त्याच्यावर जीव टाकतात. तो त्यांना डोक्यावर बसवून माकडासारखा नाचतो. मला ते जमत नाही आणि जमवायचंही नाही.

“काही गरज नाही. मी आहे.”

बाटली उघडली. रंग बोटाला लावला, नळाखाली धरला. गेला. बोट कोरं. मला संताप आला. धुतल्यावर जातो तो रंग कसला? ते सरबत. जन्मभर मी लोकांना सांगत आलो, माझा रंग उडत नाही, आणि माझ्याच नातवंडांचे ठसे सरबताने घ्यायचे? माळ्यावर फरशीत घालायच्या लाल रंगाची पिशवी उरली होती. काढली. परातीत ओतली, पाणी घातलं, पक्का बसावा म्हणून वर डिंक. (सिमेंट नाही घातलं. तेवढी अक्कल आहे मला.)

“आजोबा, आई म्हणाली बाटलीतला घ्या,” मुंगी म्हणाली.

“तुझ्या आईने किती फरश्या केल्यात?”

“एक पण नाही.”

“मग?”

ती गप्प बसली. सहा वर्षांच्या पोरीला गप्प केल्याचा मला अभिमान वाटला. तो फार टिकला नाही.

ठसे मात्र असे उठले की काय सांगू! रेघ न् रेघ. मुंगीचे पंजे झाले. मग इंजिनाला धरलं.

“पाय हलवू नकोस.”

“गुदगुल्या होतात!”

“माझ्या कामावर गुदगुल्या चालत नाहीत.”

त्याचेही झाले. त्याला रंगाच्या हातापायांनी तसंच खाली सोडलं आणि म्हटलं, “इथून हलायचं नाही.” मग मुंगी म्हणाली, “आता तुमचा पाय.”

“मी नाही.”

“बाईंनी सगळ्यांचे सांगितलेत. नाहीतर मी मामाआजोबांचा घेते.”

माझ्या घरच्या झाडाला त्याचा पाय? मी पायजमा वर केला आणि पाय परातीत घातला. माझं लक्ष माझ्या पायाकडे. तेवढ्यात इंजिन सुटलं. बाक आडवा होता हे खरं, पण बाकाखाली जागा असते आणि तीन वर्षांचं पोर तिच्यातून जाताना थांबतही नाही. सरळ जातं.

मी धावायला उठलो. पाय परातीतच होता हे विसरलो. घसरलो आणि थेट रंगात बसलो. कुठे लागलं, काय भिजलं, बघायला वेळ कुणाला? तसाच उठलो आणि दारातून ओरडलो, “थांब!”

थांबला. खोलीच्या अगदी मधोमध. मागे लाल पावलांची रांग, एकेक बोट मोजून घ्यावं अशी.

“आहेस तिथेच उभा राहा!”

“आजोबा,” मागून मुंगी, “तो उभा आहे तिथे जास्त लागतोय.”

“मग काय, पळू दे?”

“पळाला की नवीन लागणार.”

बरोबर होतं. त्यामुळे आणखी राग आला.

“ऐक,” मी त्याला म्हणालो, “ज्या पावलांनी गेलास, त्याच पावलांवर पाय ठेवत मागे ये.”

“उलटा?”

“उलटा.”

दोन पावलं आला आणि आपटला. दोन्ही पंजे फरशीवर. रडेल म्हटलं तर हसला. खेळ समजला. गोल गोल धावायला लागला. माझी शेवटची फरशी, आणि हा तिच्यावर गाडीच्या फेऱ्या करतोय, तोंडाने शिटी वाजवत!

आम्ही ओल्या फरशीवर फळी टाकून काम करतो. फळी आणली, टाकली, वर चढलो, हात लांब करून इंजिनाची कॉलर पकडली. पकडलीच. पण माझा एक पाय रंगाचा. तो सटकला, फळी एकीकडे, मी एकीकडे. बसलो. जसा परातीत बसलो होतो, तसाच फरशीवर.

उठलो. मागे बघितलं. तिथे काय उमटलं ते मी लिहिणार नाही. दोन भाग होते, एवढंच सांगतो.

“फुलपाखरू!” मुंगीने टाळ्या वाजवल्या. “आजोबांनी फुलपाखरू केलं!”

ओलं फडकं फिरवून बघितलं. लाल होतं ते हललंसुद्धा नाही. घासावं तर घोटाई जाते. माझा रंग. उडत नाही. मी फळीवर बसून राहिलो. कुणावर ओरडावं ते कळेना, आणि असं माझं कधी होत नाही.

तेवढ्यात बाहेर गाडी थांबली. बायको, सूनबाई आणि त्यांना बाजारातून आयतं गाडीत घालून आणणारा मेव्हणा.

तो बाकाशी येऊन उभा राहिला. बघितलं. तोंड पडायचं होतं ते फुलून आलं.

“दाजी! पांढऱ्या पाठवू की बदामी?”

मी उठलो.

“मंजूर म्हणालो होतो. पाठव कुठल्याही. पण झाकायच्या आधी एकदा घोटाई नीट बघून घे. पुन्हा दिसणार नाही.”

माझा आवाज जरा बसला असावा. (धूळ असते खोलीत.)

बायकोने चपला काढल्या. बाक सरकवला, आत गेली. पावलांच्या कडेकडेने चालत गेली आणि इंजिन आपटलं होतं तिथे खाली बसली. त्या एवढ्याशा पंजावर तिने आपला हात ठेवला. तिची बोटं ठसा झाकून पुन्हा दुप्पट उरली.

“अहो, हा तुमचा रंग किती टिकतो?”

“घर उभं आहे तोवर.”

“मग टाइल्स नकोत.”

“ताई!” मेव्हणा म्हणाला. “तूच म्हणाली होतीस, एक डाग जरी—”

“हा डाग आहे? डोळे तपासून घे. पोरं उद्या ताडमाड वाढतील. यांचे पाय एवढे होते हे कोण सांगणार, तुझी टाइल?”

मी जिंकलो. आनंद व्हायला हवा होता. पण सूनबाई पावलांचे फोटो काढतेय, बायको डोळे पुसतेय, मेव्हणासुद्धा “गोड आहे हो” म्हणतोय. फरशीकडे एकाचं लक्ष नाही! जन्मभर ज्यांच्यामागे थापी घेऊन धावलो, तेच पाय आज फरशीपेक्षा मोठे झाले.

“घोटाई बघितली का?” मी विचारलं.

“बघते हो. आधी पाय बघू दे.”

मग सूनबाईचा फोटो मधेच थांबला. “आई, हे मोठं काय आहे?”

“फुलपाखरू,” मुंगी म्हणाली.

बायकोने फुलपाखराकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग सावकाश उठून माझ्यामागे आली आणि पायजम्याकडे बघितलं. लग्नाची बायको. ओळख पटली.

“एवढं मात्र झाका,” ती भावाला म्हणाली.

त्याच्या गाडीत नमुन्याच्या टाइल्स होत्याच. माझीच छिन्नी मागून घेतली. माझ्याच फरशीत खाच पाडली आणि मधोमध एक टाइल बसवली. निळ्या फुलांची. वाकडी. मी बघत उभा राहिलो.

आता कुणीही पाहुणा आला की आधी पावलांचं कौतुक करतो आणि मग विचारतो, “मधे ही एकच टाइल कशी काय?”

मी तोंड उघडायच्या आत इंजिन हजर होतं. “खाली आजोबांचं फुलपाखरू आहे,” असं सांगतं. पाहुण्याला कळत नाही. मग ते पाठ फिरवतं, वाकतं आणि कुठलं फुलपाखरू ते दाखवतं.