राजीनामा स्पॅममध्ये

विषय: सर्वसाधारण सभा – सचिवांचा राजीनामा

सभेला रज्जाक तांबोळी एकटेच आले. बिबवेवाडीतल्या त्या सोसायटीचे सचिव तेच, त्यामुळे सतरंजी त्यांनीच अंथरली आणि त्यांनीच गुंडाळली. मुलीचे कोल्हापुरात दिवस भरत आले होते. बायकोनं, नसीमनं, दोघांची तिकिटं काढून ठेवली होती. पण सभेनं राजीनामा मंजूर केल्याशिवाय पाण्याच्या पंपाची किल्ली कोणाच्या हातात देता येत नव्हती.

विषय: सभा (पुन्हा) – तातडीचे!

कोणी नाही.

विषय: सभा!!! अंतिम सूचना!!! चुकवू नका!!!

सतरंजीवर एक मांजर.

व्हॉट्सअ‍ॅप यायच्या आधीचे दिवस. पूर्वी नोटिसा जिन्याखालच्या फळ्यावर लागत आणि लोक खाली पेनानं शेरे मारत. ‘उद्या पाणी येणार नाही’ याच्याखाली ‘आज आलं होतं का?’ असं. कंटाळून रज्जाकभाईंनी स्वतःच ठराव आणला होता: यापुढे सूचना फक्त ईमेलनं. ईमेलखाली पेन चालत नाही.

जिन्यात त्यांनी मंदाकिनीताईंना गाठलं.

“ताई, सभेचा मेल मिळाला नाही?”

“तुमचे मेल होय? ते मी स्पॅम केलेत.”

“म्हणजे?”

“अहो, रोज सकाळी ‘गच्चीत पापड वाळत घालू नयेत’ वाचून पापड थोडेच थांबतात? तिथे एक बटण होतं, दाबलं. तुम्ही थांबलात.”

“बरं, आता तोंडी सांगतो. रविवारी सभा...”

“तोंडी कसं चालेल? ठराव आहे ना? मेल टाका की.”

रज्जाकभाई वरच्या मजल्यावरच्या दिगंबरकडे गेले. संगणक कंपनीत नोकरी करून दिगंबरचे केस गेले होते. मेलची यादी बघून उरलेलेही जातील असं त्याला वाटलं.

“भाई, एकानं स्पॅम म्हटलं तर यंत्र लक्ष देत नाही. पण अख्ख्या बिल्डिंगनं म्हटलं की ते शिकतं. मग ज्यांनी बटण दाबलं नाही त्यांच्याकडेही तुमचा मेल थेट कचऱ्यात.”

“अख्ख्या बिल्डिंगनं? तूसुद्धा?”

दिगंबरनं चष्मा पुसला. बराच वेळ पुसला. “आणि त्यात तुम्ही ‘तातडीचे’, ‘अंतिम’, ‘चुकवू नका’ असं लिहिता. मेलनं फसवणारे चोर असंच लिहितात.”

“मग चोरांचं पोट कसं भरतं?”

“हजारोंना पाठवायचं. पाठवायला खर्च नाही. बाकीच्यांनी कचऱ्यात टाकलं तरी एखादा भोळा गळाला लागतो. त्यांना तेवढाच पुरतो.”

एखादा. रज्जाकभाईंनी मनातल्या मनात नियमावली उलटली. गणपूर्ती झाली नाही तर सभा तहकूब. अर्ध्या तासानं तीच सभा परत भरते आणि तिला गणपूर्ती लागत नाही. मात्र एक अध्यक्ष हवा. म्हणजे त्यांनाही एखादाच पुरत होता.

विषय: अभिनंदन! आपली निवड झाली आहे!

सभा तहकूब झाली. अर्ध्या तासानं जिन्यावर चपला वाजल्या. इस्त्रीच्या सदऱ्यात संपतराव आले. मांजरी गावातली शेती विकून इथे फ्लॅट घेतलेले, एकटे राहणारे.

“माझी निवड झाली म्हनं?”

रज्जाकभाईंना लाज वाटली, पण कोल्हापूरची गाडी लाजेपेक्षा जवळ होती. “झाली. अध्यक्ष म्हणून. बसा.”

संपतराव सतरंजीच्या मधोमध बसले. रज्जाकभाईंनी राजीनामा वाचून दाखवला आणि स्वतःच हात वर केला. “मंजूर, एक मत. आता तुमचं.”

संपतरावांनी हात वर केला. “नामंजूर.”

“अहो, का?”

“तुमी गेल्यावर मला मेल कोन धाडनार?”

“संपतराव, माझे मेल कचऱ्यात जातात.”

“जात्यात की. मी तिथंच वाचतो. समदी मला लाटरी देत्यात, आफ्रिकेतली एक बाई तर लगीन कराय तयार हाय. पर तुमी लिवता उद्या पानी न्हाई, आनि उद्या खरंच पानी नसतं. त्या ढिगात खरं बोलनारं तुमी एकलेच हाय.”

इतक्या वर्षांत रज्जाकभाईंच्या नोटिशीबद्दल कोणी बरं बोललं नव्हतं, आणि बोललं ते नेमकं आज.

“निवड झाल्याचं तर खोटंच होतं,” ते म्हणाले.

“ते कळलं. तुमी असं कधी लिवत न्हाई. म्हनलं मानूस अडचनीत हाय, जाऊन बघावं.”

“मग सोडवा ना! एक-एक झालंय.”

“एक-एक झाल्यावं काय करत्यात?”

नियम सांगावा की नाही, याचा रज्जाकभाईंनी क्षणभर विचार केला. पण त्यांनी जन्मात कोणाला चुकीचा नियम सांगितला नव्हता.

“अध्यक्षांचं जादा मत,” ते थकून म्हणाले.

संपतरावांनी पुन्हा हात वर केला.

घरी नसीम बॅग भरत होती. एकच बॅग होती आणि तिच्यात फक्त साड्या.

“नामंजूर झाला,” रज्जाकभाई दारातूनच म्हणाले. “माझं तिकीट...”

“ते मी सोमवारीच रद्द केलं.”