सासरेबुवांचा हुंकार

खुंटी आणायला गेलेल्या पुरुषाने खुंटीच घेऊन परत यावे, हा संसाराचा पहिला नियम होय. मिलिमीटरांनी तो मोडला आणि पुढचे सारे घडले.

मिलिमीटर हे त्यांचे कार्यालयातले टोपणनाव. पाणीपुरवठा खात्यात ते नकाशे काढत आणि खिशात जाडी मोजायचा व्हर्नियर घेऊन हिंडत. मोजल्यावाचून त्यांना पोळीसुद्धा गोल वाटत नसे. (ती वाटत नाही, असे एकदा बोलूनही दाखवले होते. पुन्हा कधी बोलले नाहीत.)

ड्रॉवरच्या तुटलेल्या खुंटीच्या जागी नवी घ्यायला ते हार्डवेअरच्या दुकानात शिरले, तेव्हा भिंतीवर स्पर्धेची सूचना होती. तंबाखू ओढण्याचा लाकडी पाइप घडवायचा. घाट जुना, सर्वमान्य : दांडी सरळ, वाटी उभी. लाकडाचा ठोकळा स्पर्धेचे मंडळ देणार आणि परीक्षक प्रत्येक पाइप स्वतः ओढून पाहणार. आपण जन्मभर पाइपच काढत आलो आहोत, असा विचार करून मिलिमीटर ठोकळा घेऊन घरी आले.

"खुंटी?" बायकोने विचारले.

"पाइप करतोय."

"ड्रॉवरला?"

"स्पर्धेला."

"अहो, पाव करपला तरी ठसका लागतो तुम्हाला."

"मला करायचाय, ओढायचा नाही. बैलगाडी करणारा सुतार काय गाडीला जुंपून घेतो?"

बायकोने केवळ भिंतीकडे पाहिले. तिथे तिच्या वडिलांचे छायाचित्र होते : गळ्यापर्यंत बटणे लावलेला कोट, हातात पाइप, आणि खोलीत कुठेही उभे राहिले तरी आपल्याकडेच वळणारे डोळे. छायाचित्राखालच्या काचेच्या कपाटात तोच पाइप मखमलीवर ठेवलेला असे. भावंडांच्या वाटणीत तिच्या वाट्याला एवढी एकच वस्तू आली होती. हात धुतल्याशिवाय त्याला शिवण्याची नवऱ्यालाही मुभा नव्हती.

सासरेबुवा हयात असताना फारसे बोलत नसत. पाइप दातांत धरून ते केवळ "हं" म्हणत. त्या एका अक्षराने त्यांनी तीन मुलांचे शिक्षण, दोन घरांची बांधकामे आणि एक कोर्टकज्जा निभावला होता.

बायको बाजारात गेल्याची संधी साधून मिलिमीटरांनी नमुना म्हणून तो पाइप बाहेर काढला. (हात धुतले होते. माणूस पापभीरू.) बाहेरची मापे चटकन मिळाली. अडचण आतल्या मार्गाची होती. तोंडाकडून तार घातली, तर ती मध्येच अडली. वाटीत डोकावले, तर तळाशी भोकच दिसेना. वर्षानुवर्षांच्या धुराने मार्ग बुजला असावा, असे त्यांनी ठरवले. आता आत पाहायचे तर एकच उपाय होता. त्यांनी बारीक पात्याची करवत घेतली आणि पाइप उभा चिरला.

शेवटचा धागा तुटून दोन फाका टेबलावर पडल्या, त्याच क्षणी दिवाणखान्यातून आवाज आला.

"हं."

घरात दुसरे कोणी नव्हते. रेडिओ बंद होता. मिलिमीटर दारापर्यंत गेले. सासरेबुवा भिंतीवरच होते; मात्र त्यांची नजर आता कपाटातल्या रिकाम्या मखमलीवर होती. मघाशी ती तिथे नव्हती. एवढे अंतर मिलिमीटरांना मोजल्यावाचूनही कळत असे.

टेबलाशी परत येऊन त्यांनी फाकांकडे पाहिले. तोंडाकडून येणारे भोक वाटीच्या अलीकडेच थांबले होते. मध्ये लाकडाची पातळ, अखंड भिंत. काजळी नावालाही नाही. दुसऱ्या कोणाला शंका आली असती. मिलिमीटरांना मात्र आदर वाटला. एवढी वर्षे ओढूनही केवढी ही स्वच्छता! धूर लाकडातून गाळून येत असणार. जुन्या कारागिरीचे मर्म ते हेच. त्यांनी भिंतीची जाडी टिपून घेतली, फाका सरसाने जोडल्या, पाइप मखमलीवर ठेवला आणि बायको परत आली तेव्हा ते वर्तमानपत्र वाचत होते. (ते उलटे नव्हते. कालचे होते.)

त्या दिवसापासून घर बदलले. कानस रेषेबाहेर सरकली की दिवाणखान्यातून "हं" येई. नेमकी बसली, तरीही "हं" येई. शाबासकी कोणती आणि दटावणी कोणती, हे हयातीतही कळत नसे. आता कोणाला विचारणार? भर दुपारी, खिडक्या उघड्या असताना, घरात तंबाखूचा गोडसर वास दरवळू लागला.

"बाबांच्या तंबाखूचा वास येतोय," बायको शांतपणे म्हणाली आणि छायाचित्रासमोरची खुर्ची पुसून ठेवली.

"खुर्ची कशाला?"

"उभे किती वेळ राहतील?"

मिलिमीटरांनी त्या खुर्चीच्या बाजूने जाणे सोडले. ते स्वयंपाकघरातून वळसा घालून न्हाणीघरात जाऊ लागले.

पाइप तयार झाला. मूळच्याशी ठेवून पाहिला, तर केसाचाही फरक नव्हता. स्पर्धेच्या सकाळी बायको नवी साडी नेसून कपाटाशी उभी होती.

"मी बाबांचा पाइप बरोबर घेते. तुम्ही कोणाकडे पाहून शिकलात, ते कळू दे की लोकांना."

"कशाला? गर्दीत पडेल, बिडेल."

"माझ्या हातातून? दुसरं आहे काय माझ्याकडे त्यांचं?"

तिने पाइप रुमालात गुंडाळला आणि वाटभर मिलिमीटर त्या रुमालाकडे पाहत चालले. सरस उन्हाने मऊ होतो, हे त्यांना पाठ होते. आणि ऊन चांगलेच तापले होते.

परीक्षक एक वृद्ध पाइप-कारागीर होते. त्यांनी मिलिमीटरांचा पाइप उजेडात फिरवला आणि मान डोलावली. मग तंबाखू भरून तो पेटवला आणि ओढला. पुन्हा ओढला. त्यांचे गाल आत गेले, कपाळाच्या शिरा वर आल्या, डोळे पाणावले. धूर आला नाही.

"यातून हवा जात नाही."

"मूळ नमुन्यातही जात नाही," मिलिमीटर अभिमानाने म्हणाले.

"नोकरी कुठे करता?"

"पाणीपुरवठा खात्यात."

"तरीच," परीक्षक म्हणाले, "आमच्या गल्लीत नळ नुसता सूंसूं करतो."

सभागृह हसले. बायकोला ते सहन झाले नाही. तिने पुढे होऊन रुमाल उलगडला. "हा पाहा माझ्या वडिलांचा. याच्यावरूनच केलाय त्यांनी."

परीक्षकांनी पाइप उचलला, आणि तो त्यांच्या तळहातावर निमूटपणे दोन फाकांत उघडला. हसणे थांबले. वृद्धाने फाका नाकाशी नेल्या.

"बाई, हा कधी पेटलेलाच नाही. असे पाइप फोटोवाल्यांकडे असत, हातात धरून बसण्यापुरते."

बायकोने फाका पाहिल्या, मधली कोरी भिंत पाहिली, मग नवऱ्याकडे पाहिले.

"आई त्या वासाने जन्मभर खिडक्या उघडत राहिली," ती हळूच म्हणाली. "मग वास कसला येत होता?"

घरी आल्यावर दोन्ही फाका तिने मखमलीवर शेजारी शेजारी ठेवल्या, त्यांच्या पलीकडे नवऱ्याचा पाइप ठेवला आणि कपाट लावून घेतले.

"रागावलीस?" मिलिमीटरांनी विचारले. "मी आधीच सांगायला हवं होतं."

"त्याच दिवशी दिसली होती मला चीर. सांगाल म्हणून थांबले." ती रिकाम्या खुर्चीकडे पाहत होती. "लग्नाआधी बाबा एकटेच तुम्हाला पाहून आले होते ना? आम्ही सगळे दारातच उभे होतो. मुलगा कसा आहे, म्हणून विचारलं."

एवढ्या वर्षांत हे कोणी सांगितले नव्हते. मिलिमीटरांनी नकळत सदऱ्याची कॉलर नीट केली.

"मग? काय म्हणाले?"

बायकोने तोंड उघडले. पण उत्तर खुर्चीवरून आले.

"हं."