चार अंगठे उठले आणि शाल्मली राहिली, त्या मोहिमेची हकीकत

श्री. बुद्धी देणारा गजानन आणि वीज देणारी मंडळी, उभयतांस दंडवत घालोन आरंभ करितो. शके १९४६ क्रोधी नाम संवत्सरे, पौष शुद्ध पंचमी, मंदवार म्हणजे शनिवार, ते दिवशी तिसऱ्या मजल्यावरील राज्यात जे वर्तमान जाहले ते येणेप्रमाणे. सेवक समोरच्याच दारी राहतो. जे डोळ्यांनी पाहिले ते लिहिले, आणि जे पाहिले नाही ते त्यांनीच मागाहून चहा पिता पिता कबूल केले.

राज्य तीन खोल्यांचे, परंतु बंदोबस्त चोख. गादीवर मुकुंदराव महाराज, त्यांच्या राणीसाहेब वैजयंतीबाई, महाराजांचे तीर्थरूप आबासाहेब, युवराज यशोधन वय वर्षे पंधरा, आणि धाकटी राजकन्या शाल्मली वय वर्षे आठ. मोबाइल नामे यंत्र चौघांचे हाती अखंड असे. शाल्मलीस मात्र नव्हते, कारण महाराजांनी फर्मान काढिले होते की यंत्राने लहान मुलांचे डोळे जातात आणि मन थाऱ्यावर राहत नाही, सबब दहा वर्षे पुरी होईतो स्पर्श नाही. फर्मान उत्तम होते, आणि ते महाराजांनी यंत्रात पाहोनच वाचून दाखविले. राज्याचा अवघा कारभार ग्रुपवर चाले. पाने वाढली की राणीसाहेब स्वयंपाकघरातून ग्रुपवर लिहीत, मग बाहेरून तीन अंगठे उठत आणि मग मंडळी जेवावयास येत. आबासाहेब रोज सकाळी गुलाबाचे फूल पाठवीत, ते भिंतीपलीकडे पोहे परतणाऱ्या सुनेस. शाल्मली ग्रुपात नसल्याकारणे तिला तोंडाने बोलावे लागे, आणि तोंडाने बोलणारास त्या राज्यात उत्तर एकच मिळे, ते ‘हं’, आणि तेही मान खाली घालोन.

अशात शाळेचे स्नेहसंमेलन ठरले आणि बाईंनी शाल्मलीस निवेदन सांगितले, म्हणजे पडदा उघडण्याआधी सर्वांपुढे पहिले बोलणे हिचे. पोरीने पंधरा दिवस आरशापुढे उभे राहोन पाठ केले, आणि घरात कोणी ऐकेना तेव्हा आमच्या दारी येऊन सेवकास ऐकविले, आणि म्हणाली, “काका, तिथे बाबांनी एकदा सगळं नीट ऐकलं ना, की बास.”  मग मंदवार उजाडला, आणि शाल्मली आपल्या दारात उभी राहोन बोलिली, “मी समोर काकूंकडे नऊवारी नेसायला जातेय. निघताना मला हाक मारा.” चौघे हं म्हणाले. इकडे आमचे कुटुंब कुमुद निऱ्या करावयास बसली, आणि तिकडे राणीसाहेबांनी ग्रुपवर विचारिले की सगळे तयार का, आणि अंगठे उठले, आणि त्यांनी स्वतःचाही लाविला, कारण त्या नेमाच्या पक्क्या. ग्रुपात माणसे चार आणि अंगठे चार, मग आणखी काय पाहावयाचे? मोटारीत मागे मधल्या जागी शाल्मली बसत असे, तेथे युवराजांनी बहिणीचे चित्रीकरण करावयाचा ट्रायपॉड ठेविला, आणि तो वळणावळणावर आबासाहेबांच्या कोपरास लागे, म्हणोन नात शेजारीच आहे असा त्यांचा समज जाहला. याप्रमाणे शाल्मलीचे निवेदन ऐकावयास अवघे राज्य गेले आणि शाल्मली राहिली.

नेसणे पुरे करोन पोर बाहेर आली तो दारास कुलूप. तिने ते हलवून पाहिले, आणि म्हणाली, “मी सांगितलं होतं, काका.” रडली नाही, पदर मुठीत धरोन उभी राहिली, आणि ते पाहवले नाही. सेवकाने चौघांस फोन लाविले, परंतु बाईंनी सभागृहात यंत्रांचा आवाज बंद ठेवा म्हणोन बजाविले होते, आणि अख्ख्या वर्षात त्याच दिवशी चौघांनी आज्ञा पाळिली. मग स्कूटर काढिली, पोरीस मध्ये बसविले, आणि कुमुद मागे निऱ्या सांभाळीत बसली, आणि निघालो. सभागृहात चौघे पहिल्या रांगेत यंत्रे उभारोन बसले होते, आणि बाई माइकवर विचारीत होत्या, “शाल्मली आलीय का? तिचे पालक कुठे आहेत?” महाराजांनी ग्रुपवर लिहिले, शाल्मली कोणाजवळ आहे. राणीसाहेबांनी लिहिले, तुमच्याजवळ ना. युवराजांनी प्रश्नचिन्ह धाडिले, आबासाहेबांनी जोडलेले हात. चौघांची कोपरे एकमेकांस लागत होती. मग चौघांनी एकदम माना वर केल्या, आणि राणीसाहेबांचा चेहरा पांढराफटक पडला, आणि त्या चपला तेथेच टाकोन दाराकडे धावल्या, तो दारातच आमची गाठ पडली.

“अगं, कुठे होतीस तू?”

“घरी,” शाल्मली बोलिली. “तुम्हीच गेलात.”

राणीसाहेबांनी तिचे दोन्ही हात धरिले आणि तशाच रंगमंचापर्यंत गेल्या. मग शाल्मली माइकपुढे उभी राहिली, आणि महाराजांनी यंत्र खिशात घातले की हातून गळाले हे आजवर नक्की नाही. निवेदन तीन मिनिटांचे. मध्ये एके ठिकाणी ती अडखळली आणि तिने पहिल्या रांगेकडे पाहिले, आणि आठही डोळे तिजवर होते, आणि पुढचे आठवले. या प्रसंगाचे चित्रीकरण त्या राज्यात कोणापाशी नाही.

घरी येताच महाराज बोलिले, “तुला उद्याच फोन आणू, ग्रुपात घेऊ.” शाल्मली म्हणाली, “नको. तुम्ही हं म्हणू नका.” मग तह जाहला, की ती बोलेल तेव्हा मान वर करोन तिचे बोलणे तिला परत सांगावे, आणि जो हं म्हणेल त्याने लसूण सोलावी. युवराजांनी संध्याकाळपर्यंत दोन गड्डे सोलले. दुसरे दिवशी सकाळी शाल्मली दारात येऊन बोलिली, “मी समोर काकूंकडे जातेय.” चार माना वर जाहल्या, आणि महाराज म्हणाले, “समोर काकूंकडे जातेयस.” तिने एकेकाकडे नीट पाहिले, आणि म्हणाली, “नाही जात. सहज म्हटलं,” आणि येऊन त्यांच्यात बसली.

एवंच मोहीम एक, चूक चौघांची, आणि पोर सुखरूप. हे लिहीत असता कुमुद दोन वेळा काही बोलिली, सेवक हं म्हणाला, आणि दूध उतू गेले. सबब लेखणी ठेवितो, ओटा पुसणे आहे.