पिकअपला मेण लावायचं नसतं!

इलेक्ट्रिक गिटारमधलं मला जेवढं कळतं तेवढं आमच्या अख्ख्या इमारतीत कुणाला कळत नाही. हा गर्व नाही, वस्तुस्थिती आहे! एकाने मला लिफ्टमध्ये विचारलं होतं, हे शिकायला किती महिने लागतात म्हणून. मी त्याच्याकडे नुसतं बघत राहिलो. पुढच्या मजल्यावर तो उतरला म्हणून वाचला.

तेव्हा आधी थोडा इतिहास ऐकून घ्या, फुकट आहे. पूर्वी नाचाच्या वाद्यवृंदात गिटारवाला कोपऱ्यात बसायचा. पुढे ट्रम्पेट, मागे ड्रम, आणि मधे हा बिचारा बोटं झिजवतोय, कुणाला ढिम्म ऐकू येत नाही. शेवटी कुणीतरी वैतागून तारांखाली चुंबक बसवला, त्याभोवती केसासारख्या बारीक तारेची वेटोळी गुंडाळली आणि ते सगळं अॅम्प्लिफायरला, म्हणजे आवाज मोठा करणाऱ्या स्पीकरच्या खोक्याला जोडलं. या वेटोळ्यालाच पिकअप म्हणतात. पुढे कुणाचा तरी स्पीकर फाटला, त्यातून गुरगुरल्यासारखा आवाज यायला लागला आणि लोकांना नेमका तोच आवडला. आता तो गुरगुराट काढायला पायाखाली ठेवायची डबी मिळते, तिला पेडल म्हणतात. थोडक्यात काय, चिडलेल्या माणसांनी चिडलेल्या माणसांसाठी केलेलं हे वाद्य आहे. म्हणून ते मला शोभतं.

कारण मी वीज कंपनीच्या तक्रार खिडकीवर बसतो. सकाळपासून लोक येतात आणि माझ्या तोंडावर ओरडतात. त्यांच्या घरचा फ्रिज मी बंद पाडलाय, त्यांच्या मुलाचा पेपर मी अवघड काढलाय, अशा थाटात ओरडतात. मी म्हणायचं, "आपली तक्रार नोंदवली आहे." दिवसभर एवढं एकच वाक्य! त्या खिडकीत माणूस नाही, भिंत बसवली असती तरी चाललं असतं. संध्याकाळी सहा ते सात मी घरी गिटार वाजवतो, तेवढा तासभर मी पुन्हा माणूस होतो. तो तास गेला तर मी एखाद्या दिवशी खिडकीतून हात बाहेर काढून कुणाचा तरी गळा धरीन, हे मला पक्कं ठाऊक आहे.

तर माझ्या गिटारचा पिकअप मी स्वतः गुंडाळला आहे. बायकोच्या शिलाई मशीनची मोटर काढली, तिच्यावर रीळ बसवलं आणि हजारो वेढे घातले. (त्या मोटरीचा विषय आमच्या घरी काढायचा नाही.) दुकानातले पिकअप वितळलेल्या मेणात बुडवतात. मेणाने वेढे घट्ट बसतात आणि पिकअपला तारांशिवाय दुसरं काही ऐकू येत नाही. मी मेण लावलं नाही. मेण लावलं की आवाज मरतो! माझा पिकअप जिवंत आहे. गिटारवर नुसतं नख आपटलं तरी तो बोलतो.

दुसरी गोष्ट कानांची. स्पीकरजवळ उभं राहून रोज वाजवणाऱ्याने कानांत कापसाचे बोळे घालावेत, नाहीतर म्हातारपणी बायकोचं बोलणं ऐकू येत नाही. तसा तो फायदाच आहे, पण डॉक्टर नको म्हणतात. आता बोळे घातल्यावर तारा जुळवायच्या कशा? माझी युक्ती साधी आहे. मान खाली घालायची, हनुवटी गिटारच्या लाकडाला टेकवायची, तार छेडायची. सूर हाडातून थेट डोक्यात शिरतो. मी आवेशाने वाजवत असल्यामुळे तारा सारख्या उतरतात, म्हणून दर गाण्यानंतर हनुवटी टेकवायची. आणि हनुवटी टेकवली की मी पुटपुटतो. दिवसभर साठलेलं तिथे हळूच बाहेर काढतो. गिटार ऐकून घेते, ती कुणाला सांगत नाही.

असं सुखाने चाललेलं असताना एका रविवारी आमच्या सोसायटीचे चेअरमन घरी आले. खुर्चीच्या कडेवर बसले, पाणी प्यायले, पंख्याकडे बघितलं. मग म्हणाले की संध्याकाळी सहा ते सात लोकांना जरा त्रास होतो. कोणाला, असं मी विचारलं. सगळ्यांनाच, म्हणाले. कसला त्रास, असं विचारलं तर गृहस्थ लाल झाले आणि तो अॅम्प्लिफायर गच्चीवरच्या खोलीत हलवता येईल का बघा, असं सुचवून उठले.

गच्चीवर! टाकीशेजारी! माझं डोकंच फिरलं. यामागे खालचा दातांचा डॉक्टर असणार हे मी तत्काळ ओळखलं. त्याचा दवाखाना बरोबर माझ्या खोलीखाली. त्याचे पेशंट हल्ली जिन्यात माझ्याकडे बघून तोंड फिरवायचे. आणि वरच्या मजल्यावरच्या गायनाच्या बाई! पूर्वी हसून बोलायच्या, आता मी दिसलो की नाक वर. असूया, दुसरं काय?

मी जिन्यातच चेअरमनना गाठलं आणि आव्हान दिलं. पुढच्या रविवारी खालच्या सभागृहात सगळ्यांसमोर वाजवतो. ऐका आणि तिथेच हात वर करून मत द्या. लोक नको म्हणाले तर अॅम्प्लिफायर विकून टाकतो, पुन्हा नाव काढणार नाही.

"विकलाच पाहिजे असं नाही," चेअरमन म्हणाले.

"विकणार," मी म्हणालो. रागात मी नेहमी असलं काहीतरी बोलून बसतो.

रविवारी सभागृह गच्च भरलं. मी आधीच जाऊन सगळी जोडणी केली. अॅम्प्लिफायर पाठीशी, पेडल पायाखाली, कानांत बोळे, अगदी घरच्यासारखं. बायको पहिल्या रांगेत बसली. ती रोज सहाला फिरायला जाते आणि सातनंतरच येते, त्यामुळे माझं वाजवणं तिनेही नीट ऐकलेलं नव्हतं. मी पेडल दाबलं आणि पहिलं गाणं वाजवलं. छान झालं! टाळ्याही पडल्या, म्हणजे हात हलताना दिसले.

मग मी हनुवटी टेकवून तारा जुळवायला घेतल्या. माझा तास काढून घ्यायला जमलेली ती गर्दी बघून मस्तक तापलं होतंच. मी पुटपुटलो, "या दातवाल्याकडे बघा. स्वतः दिवसभर लोकांच्या तोंडात भोकं पाडतो आणि याला माझ्या तारांचा त्रास!"

मान वर केली तर सभागृह एकदम सावरून बसलेलं. गाण्याचा असर, मी मनात म्हटलं. दुसरं गाणं आणखी जोरात वाजवलं. पुन्हा हनुवटी. "आणि चेअरमन! केसांना कलप लावतो आणि मिशीला विसरतो. लांबून वाटतं दोन माणसं आहेत."

वर बघतो तर काही जण तोंडावर रुमाल धरून थरथरत होते. रडतायत! मला भरून आलं. एवढ्या वर्षांत कुणी माझं वाजवणं ऐकून रडलं नव्हतं. तिसरं गाणं मी जीव ओतून वाजवलं. एक तार फारच उतरली, म्हणून जास्त वेळ हनुवटी टेकवावी लागली. गायनाच्या बाईंपेक्षा आमची लिफ्ट सुरात आहे, हे माझं जुनंच मत मी गिटारला सांगितलं. मग बायकोकडे लक्ष गेलं. "ही बघा कशी पुढच्या रांगेत बसलीय. कौतुकाने नाही, मी पळून जाऊ नये म्हणून."

बायको उठली. तिचा चेहरा बघून मला वाटलं, हिलाही भरून आलं. ती तडक व्यासपीठावर चढली, माझ्याजवळ आली. मी हनुवटी न उचलता पुटपुटलो, "आता ही कशाला वर आली? घरी डोकं खाते ते पुरत नाही?"

तेवढ्यात तिने माझ्या कानातला बोळा उपटला.

आणि मी ऐकलं! माझ्या पाठीमागून, गुहेतून राक्षस बोलावा तशा गुरगुरत्या आवाजात, "पुरत नाही?" एवढं सभागृहभर घुमलं आणि विरलं. मेण न लावलेला माझा जिवंत पिकअप, त्याच्या शेजारीच टेकलेलं माझं तोंड आणि पायाखाली चालू असलेलं पेडल! जमीन दुभंगावी असं वाटलं, पण खाली तळघरात सोसायटीचा वाहनतळ होता.

बायको एवढंच म्हणाली, "अहो, सगळं ऐकू येतंय."

मी पेडल बंद केलं. गेला अॅम्प्लिफायर, गेला माझा तास, हे मला दिसत होतं. दातांचे डॉक्टर उभे राहिले. मी त्यांची नजर चुकवली.

"गिटारबद्दल आमची तक्रार कधीच नव्हती," ते म्हणाले. "गिटार चांगली वाजवता तुम्ही. पण दोन गाण्यांच्या मधे तुम्ही जे बोलता ते रोज माझ्या दवाखान्यात ऐकू येतं. पेशंट तोंड उघडून बसलेला असतो. तो हसला की माझा हात हलतो हो."

रोज! म्हणजे हे सगळं यांनी आज पहिल्यांदा ऐकलेलंच नव्हतं! गायनाच्या बाई म्हणाल्या की लिफ्टची ती तुलना त्यांच्या विद्यार्थिनींना पाठ झाली आहे. एक काका म्हणाले की मिशीचं त्यांना पटतं. चेअरमननी मिशीवर हात ठेवला. मी चिडून विचारलं की एवढे दिवस सरळ सांगितलं का नाही.

"कसं सांगणार?" चेअरमन म्हणाले. "सांगायला येणाऱ्याचा नंबर दुसऱ्या दिवशी सहाला लागला असता."

मग मतदान झालं. पिकअपला मेण लावा, असं डॉक्टरांनी सुचवलं. (मेणाचंही माझ्याच पुटपुटण्यातून कळलेलं असणार.) मी साफ नकार दिला. अब्रू गेली तरी तत्त्व सोडायचं नाही! शेवटी असं ठरलं की अॅम्प्लिफायर घरातच ठेवायचा, सहा ते सात खुशाल वाजवायचं, फक्त मधे थांबायचं नाही. एक शब्द जरी ऐकू आला तर सामान गच्चीवर. सगळे हात वर गेले. बायकोने दोन्ही वर केले.

तेव्हापासून मी तासभर न थांबता वाजवतो. बोटांना फोड आलेत, उतरलेल्या तारा तशाच ओढतो, आणि बायको फिरायला जायचं सोडून माझ्यासमोर स्टूल टाकून बसते. राग मात्र पूर्वीपेक्षा जास्त येतो. डॉक्टरांचा येतो, चेअरमनचा येतो, तक्रार खिडकीवरच्या प्रत्येकाचा येतो. सगळ्यात जास्त कोणाचा येतो तेही सांगितलं असतं, पण ती समोरच बसली आहे आणि गिटार चालू आहे.