मेन आधी, कुलूप मागून

आमच्या ओळीत सकाळी उठून तुळशीला पाणी घालणारी पाच घरं होती आणि अर्थिंगला पाणी घालणारे एकटे शालिकजी. घरामागे खड्डा खणून, त्यात मीठ-कोळसा भरून त्यांनी तांब्याची पट्टी पुरली होती. मे महिन्यात नळ कोरडा पडला तरी त्या खड्ड्याला दोन बादल्या मिळाल्याशिवाय ते चहाला शिवत नसत. एवढं पाणी मातीत कशाला, असं माझ्या बायकोनं एकदा विचारलं. ते म्हणाले, "वहिनी, माती कोरडी असली का करंट माणसातून रस्ता शोधते." त्यानंतर आठ दिवस ती कूलरला हात लावायला तयार नव्हती. कूलर चालू-बंद करायला मी, आणि शालिकजींना मनातल्या मनात शिव्या घालायलाही मीच.

शालिकजी मेश्राम नागपूरजवळच्या हिंगण्याच्या एका कारखान्यात वाइंडर होते. जळलेल्या मोटारींमध्ये तांब्याची नवी तार भरायची, हे त्यांचं काम. आयुष्यभर विजेवर पोट भरलं, पण विजेवर काडीचा भरवसा नाही. आमची मेन स्विचं बाहेर व्हरांड्यात होती. प्रत्येकाच्या मेनशेजारी त्यांनी स्वखर्चानं एक लाल दिवा बसवला होता. दिवा लागला आहे म्हणजे मेन चालू आहे. आणि सगळ्या ओळीला एक मंत्र पढवला होता: मेन आधी, कुलूप मागून. घर बंद करताना आधी वीज तोडायची, मग कुलूप लावायचं. आम्ही एकदा पारशिवनीला लग्नाला गेलो आणि मेन बंद करायला विसरलो. शालिकजींनी दांडा खाली ओढून ते पाडलं आणि आम्ही आल्यावर सगळ्यांसमोर मला विचारलं, "मास्तर, पोरायले शिकवता आणि सोता विसरता काहून?" मी शाळेत मराठी शिकवतो. तो दिवस मी विसरलो नाही.

पंच्याऐंशी-शहाऐंशीच्या सुमाराची ही गोष्ट. शालिकजींची बायको फार लवकर गेली होती. एकुलती एक मुलगी सुनंदा त्यांनी एकट्यानं वाढवली, इंजिनियर केली. त्या उन्हाळ्यात तिनं मैत्रिणीकडून एक जुना कॉम्प्युटर आणला. पाटीएवढा, टीव्हीला जोडायचा, आणि मुख्यतः खेळ खेळायचा. त्याचा पावर सप्लाय मात्र मूळ मालकाकडेच हरवला होता. नवा घ्यायचा होता. सुनंदाच्या दृष्टीनं हे अर्ध्या तासाचं काम होतं. शालिकजींना दीड महिना लागला.

सीताबर्डीच्या दुकानांत ते खिशात काटा घेऊन जात, रद्दीवाल्याचा असतो तसला, हुक असलेला. मी दोनदा सोबत होतो आणि दोन्ही वेळा ओळखीचं कोणी भेटू नये म्हणून पाठ फिरवून उभा होतो. दुकानदार डब्यावरचे आकडे वाचून दाखवी. शालिकजी ऐकून घेत आणि म्हणत, "डब्यावर जे लिहिलं ते डब्बा बनवणाऱ्यानंच लिहिलं ना बापा. वजन सांगा." मग डबा काट्याला टांगला जाई. वजन कमी म्हणजे आत तांबं कमी, तांबं कमी म्हणजे सप्लाय गरम होणार, आणि गरम झाला की स्वतः तर जाईलच, मशीनलाही घेऊन जाईल. एका दुकानदारानं वर्षाची गॅरंटी देऊ केली. यांनी विचारलं, गॅरंटी तुमच्या डब्याची का माझ्या मशीनची? दुकानदारानं आम्हाला चहा पाजला आणि पुन्हा येऊ नका म्हणून हात जोडले.

शेवटी त्यांनी एक विकत आणला आणि घरी त्याची परीक्षा घेतली. दुपारी दोन वाजता, का तर तेव्हा अख्खं नागपूर कूलर लावतं आणि व्होल्टेज पार तळाला जातं. सप्लायवर गाडीचे चार बल्ब पेटवून ठेवले आणि डब्यावर हाताची मागची बाजू टेकवून बसले. वीस मिनिटांत डब्याला जळका वास आला. शालिकजींचा चेहरा असा खुलला, की परीक्षेत मुलगी पहिली आल्यावरही तेवढा खुलला नसेल. म्हणाले, "सांगतलं होतं मी." दुसऱ्या दिवसापासून त्यांनी स्वतःच सप्लाय गुंडाळायला घेतला. तयार झाला तेव्हा तो पाच किलो भरला. कॉम्प्युटर एक किलोचा होता.

मग संध्याकाळी बाप-लेक खेळायला बसू लागले. आकाशातून दगड पडायचे आणि खालून गाडी सरकवत ते फोडायचे, असा तो खेळ. माझी तर गाडी पहिल्याच दगडाखाली जाई. शालिकजी मात्र जिभेचं टोक बाहेर काढून तासतास खेळत. जास्त गुण मिळवणाऱ्यानं स्वतःचं नाव टाकायचं, आणि गुणांच्या क्रमानं ती नावं पडद्यावर येत. वर सुनंदा, खाली शालिक. रोज हेच. एकदाही त्यांना वर चढता आलं नाही.

ऑगस्टमध्ये सुनंदाला बंगलोरला नोकरी लागली आणि ती गेली. ती नावं मशीन चालू असेपर्यंतच राहतात, वीज गेली की पुसली जातात, हे त्यांना तिनंच कधी तरी सांगितलं होतं. त्या दिवसापासून शालिकजींनी मशीन बंद केलं नाही. वाडी नाक्यावरच्या ट्रकवाल्यांकडून जुनी बॅटरी आणून सप्लायला जोडली, म्हणजे लाइट गेली तरी मशीन चालू. शेजारीपाजारी हसले. मीही हसलो. एकदा धीर करून म्हटलं, गुण कागदावर लिहून का ठेवत नाही? ते म्हणाले, "कागदावर माह्या अक्षरात राहीन मास्तर. तिथं तिनं सोता नाव टाकलं हाय."



दर आठवड्याला ते सुनंदाला पत्र लिहीत आणि शुद्धलेखन तपासायला माझ्याकडे आणत, त्यामुळे सगळी पत्रं मी वाचलेली आहेत. वाचण्यासारखं त्यांत काही नसे. 'इकडे व्होल्टेज एकशे ऐंशी. मशीन ठीक आहे. काळजी नसावी.' एकदा मी सुचवलं, दिवाळीला ये असं लिहा की. म्हणाले, नवीन नोकरी आहे, पोरीला सुट्टी मागायला कशाला लावायचं? मी लिहीन म्हटलं तर माझ्या हातून पत्र काढून घेतलं.

असे नऊ महिने गेले. मग मे महिन्यातल्या एका सकाळी मी शाळेच्या कामाला निघालो, तर शालिकजींच्या दाराला कुलूप आणि वर लाल दिवा चालू. मी थांबलो. खरं सांगतो, मला आनंद झाला. पारशिवनीचं लग्न आठवलं. मशीनचं काय, हा विचार आला नाही असं नाही, पण बॅटरी होती ना, लाइट गेली तरी चालतं हे त्यांच्याच तोंडून शंभरदा ऐकलं होतं. मी त्यांच्या मेनचा दांडा खाली ओढला आणि दिवसभर शाळेत त्यांना सगळ्यांसमोर ऐकवायची वाक्यं खुशीत जुळवत बसलो.

संध्याकाळी आलो तेव्हा शालिकजी व्हरांड्यात बसले होते. शेजारी ट्रकची बॅटरी होती. तिचा एक सेल गेला होता, म्हणून ते ती सकाळी रिक्षात घालून वाडीला घेऊन गेले होते. आज लाइट जाणार नाही ना, हे आधी लाइनमनला विचारून घेतलं होतं. आणि आयुष्यात पहिल्यांदा मेन चालू ठेवून कुलूप लावलं होतं.

जुळवलेली वाक्यं आता कामाची नव्हती. मी पाडलं, शालिकजी, असं कसंबसं म्हणालो. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती. मेन त्यांनी पुन्हा वर केलं होतं; आतल्या टीव्हीवर तो खेळ नव्यानं सुरू झाला होता आणि नावांच्या जागी नुसती शून्यं होती.

त्यांनी बॅटरीवरची धूळ पुसली. मग म्हणाले, "तुमचं काही नाही चुकलं. मेन आधी, कुलूप मागून. मीच शिकवलं."

दुसऱ्या दिवशी ते पत्र घेऊन आले. नेहमीचं व्होल्टेज होतं, अर्थिंगला पाणी घातल्याचं होतं. खाली वेगळ्या शाईत तीन ओळी होत्या: 'मशीनवरचं तुझं नाव मिटलं. माझाच सप्लाय कच्चा निघाला. सुट्टी भेटली तर येऊन पुन्हा टाकून दे.'

मी पत्र तपासलं. कच्चा हा शब्द खोटा होता, तो सप्लाय पहाडासारखा पक्का होता. पण नऊ महिन्यांत त्यांनी मुलीला ये म्हणून पहिल्यांदा लिहिलं होतं. मी काही सुधारलं नाही. पाकीट चिकटवलं आणि स्वतः जाऊन पेटीत टाकून आलो.