कन्हानला हरवलं त्याची गोष्ट

आमच्या वाडी गावातल्या कुठल्याही चौकात उभे राहा आणि मान वर करा. जे साहित्य लोंबकळताना दिसेल, ते माझं! 'युवकांचे आशास्थान'पासून 'भावपूर्ण श्रद्धांजली'पर्यंत, कधीकधी एकाच माणसासाठी. आपलं फ्लेक्सचं दुकान आहे आणि मजकूर मी स्वतः रचतो. त्यामुळे आमच्या 'विजयी वीर फुटबॉल क्लब'चा इतिहास लिहायची वेळ आली, तेव्हा मी छाती ठोकून सांगितलं, "माझ्यावर सोडा. ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा आला नाही तर दुकान बंद करतो."

"अहो, इतिहास लिवतात, रचत नाई," बायको म्हणाली. मेघाला साहित्यातलं काही कळत नाही, म्हणून मी दुर्लक्ष केलं.

आता इतिहासाची एवढी घाई कशाला? तर ज्या मोकळ्या प्लॉटवर आमचे विजयी वीर गेली पन्नास वर्षं हरत आलेत, तो प्लॉट मधुसूदनजींचा. मोठे ट्रान्सपोर्टवाले. अमरावती रोडवर उभे राहिलात तर त्यांचं नाव मागे लिहिलेल्या ट्रकचा धूर तुमच्या नाकात जातोच. त्यांना तिथे गोदाम बांधायचं होतं. आम्ही हात जोडून गेलो, तर म्हणाले, "क्लबनं आजपर्यंत केलं काय, ते सुवर्णमहोत्सवात सांगा मले. दम असन तं मैदान राहीन. नाई तं दुसऱ्या दिवशी जेसीबी."

मला फुटबॉल येत नाही. पण संध्याकाळी मैदानाच्या कडेला बसून आपल्या पोरांना शिव्या घालणं, हे माझ्या आयुष्यातलं मोठं सुख आहे. मैदान गेलं तर त्या शिव्या घरी द्याव्या लागतील, आणि घरी मेघा असते.

क्लबने जिंकलेली शील्ड एकच. अगदी पहिल्या वर्षीची, कन्हान गावच्या टीमविरुद्धच्या फायनलची. तेव्हाचे कप्तान चंपतराव अजून हयात आहेत. मी त्यांच्याकडे गेलो. काकांच्या तोंडात तंबाखूचा खर्रा होता. तो थुंकण्याइतका महत्त्वाचा मी त्यांना वाटलो नाही.

"काका, फायनलमध्ये काय झालं?"

"काय होते? कन्हानले हरवलं."

"फार मेहनत पडली असेल?"

"काहून पडन गा? आमच्या एकाच पोट्ट्यानं आख्खी टीम हरवली."

"कोण हो तो?"

काकांनी खर्रा या गालातून त्या गालात सरकवला आणि हात झटकला. मी ओळखलं. हा काकांचा विनय! थोर माणसं स्वतःचं नाव घेत नाहीत.

"गाजली असेल तेव्हा ती गोष्ट?"

"अरे, कोंढाळीपर्यंत बोंब झाली."

मला आणखी काय पाहिजे होतं? त्या तेवढ्या पिठावर मी पंगत उठवली. चिखलाने माखलेले वीर, शेवटचं मिनिट, हवेत झेपावलेले चंपतराव, डोक्याने मारलेला गोल आणि कोंढाळीपर्यंत वाजलेला विजयाचा डंका. मंचामागे मोठा फ्लेक्सही छापला. त्यावर चंपतरावांचा फोटो आणि खाली ठसठशीत अक्षरं : 'एकट्याच्या बळावर कन्हानला हरवले!'

पण माझ्यातला कलावंत एवढ्यावर थांबेना. हरलेला शत्रू मंचावर असला तर मधुसूदनजी विरघळतील, असं वाटून मी कन्हानचे तेव्हाचे कप्तान धोंडबा यांनाही सत्काराला बोलावलं. कपाळ माझं!

कार्यक्रमाच्या दिवशी मी इतिहास वाचला. डोक्याने मारलेल्या गोलापाशी माझाच आवाज भरून आला. टाळ्या पडल्या. मधुसूदनजी मान डोलवत होते. धोंडबांची मानसुद्धा हलत होती, पण आडवी. नारळ-शाल घ्यायच्या आधीच त्यांनी माझ्या हातातला माइक घेतला.

"कायचा गोल? आमी खेळलोच नाई. आमी वाडीले पोचलोच नाई!"

मी माइक परत घ्यायला हात पुढे केला, तो धोंडबांनी झटकला.

"वाडीवाल्यायनं आमाले आणाले ट्रक धाडला. आमी पोटभर जेवून ट्रकात बसलो, वरून ताडपत्री. लागली झोप. उठून पाह्यतो तं वाडीच्या कितीतरी पुढं, कोंढाळी! तिथं आमी बोंबलून राहिलो, अन् इथं यायनं न खेळता शील्ड नेली."

मी चंपतरावांकडे वळलो. "काका, तुम्हीच म्हणाला होता ना, हरवलं म्हणून?"

"हाव ना," काका शांतपणे म्हणाले. "हरवलंच तं. ट्रकासकट."

माझ्या पायाखालची वाडी सरकली. मला मैदानावर जेसीबी दिसायला लागला. तेवढ्यात मधुसूदनजी खुर्चीतून उठले.

"धोंडबाजी, ट्रक हिरवा होता काय?"

"हिरवाच. अन् डायवर पोट्टा सारा रस्ता गाणे म्हणे. बेसुरा."

"तो मीच," मधुसूदनजी म्हणाले. "माह्या बापाचा ट्रक होता. वाडीत चहाले थांबलो. मले वाटलं, तुमी उतरले असान. मांगं पाह्यलंच नाई, तसाच पुढं निघालो."

धोंडबांनी सत्काराचा नारळ उचलून घट्ट धरला. मी मध्ये जाऊन उभा राहिलो, पण थोडा बाजूला. मधुसूदनजींचं मात्र तिकडे लक्षच नव्हतं. ते चंपतरावांकडे बघत होते.

"चंपत, तू मले कधी टीममंदी घेतलं नाई. याच्या पायाले अक्कल नाई म्हणे तू."

"नव्हतीच ना गा."

"मंग फायनल कोणं जिंकवली?"

चंपतरावांनी त्या दिवशी पहिल्यांदा खर्रा थुंकला. "आता खरं बोलाचं तं, तूच जिंकवली गा."

मधुसूदनजींनी रुमाल काढून डोळे पुसले. एवढा मोठा माणूस, पन्नास ट्रकांचा मालक, पण टीममध्ये घेतलं नाही हे त्याला आजवर सलत होतं. मलाही गहिवरून आलं, आणि हे मी रचून सांगत नाही.

"मैदान राहीन," ते म्हणाले. "पण इतिहास बरोबर लिवा."

मग त्यांनी धोंडबांपुढे हात जोडले. "चला, माही गाडी तुमाले कन्हानले सोडून देते."

"पायी जाईन," धोंडबा म्हणाले, आणि नारळ घेऊन खरोखरच रस्त्याला लागले.

तर आमचं मैदान वाचलं. फाटकावर आता मोठा फ्लेक्स आहे. चंपतरावांचा फोटो काढून मधुसूदनजींचा लावला, बाकी मजकूर जुनाच : 'एकट्याच्या बळावर कन्हानला हरवले!' एक शब्द बदलावा लागला नाही. मेघा म्हणते, मी आजवर छापलेलं हे एकच वाक्य खरं आहे.