माझंच चुकलं

रंगाऱ्याने कामावरून चुकून दुसऱ्याचीच शिडी घरी आणली होती, हे पोलीस दारात आल्यावर कळलं. शहानिशा व्हायच्या आधीच रंगारी बोलून मोकळा झाला, "माझंच चुकलं, साहेब." हे त्याचं पालुपदच होतं. कुणी त्याच्या पायावर पाय दिला तरी माफी हाच मागायचा. पोलिसांनी शिडी जप्त केली आणि चोरीची केस झाली.

कोर्टाने दिलेल्या वकिलाकडे त्या सकाळी अकरा खटले होते. "गुन्हा कबूल करून टाका," फाइलीतून डोकं वर न काढता तो म्हणाला. "किरकोळ दंड होईल. दहा मिनिटांत घरी."

"कुठल्या घरी?" रंगाऱ्याच्या बायकोने विचारलं. "आम्ही या देशात परवान्यावर राहतो. चोरी कबूल केल्यावर त्या परवान्याचं काय होतं?"

"तो माझा विषय नाही, बाई."

"मग ज्याचा असेल त्याला फोन लावा." आणि तिने समोरच्या खुर्चीत ठाण मांडलं.

वकिलाने फोन लावला. ऐकता ऐकता त्याचा चेहरा उतरला. चोरी कबूल केली की परवाना रद्द, आणि मग तिघांनी गाशा गुंडाळायचा. लेक इथल्या शाळेत सहावीत होती.

"नाकबूल म्हणा," वकील खालच्या आवाजात म्हणाला.

सांगणं सोपं होतं. जन्मात ज्याने दोष नाकारला नाही, त्याच्या तोंडून हा शब्द काढायचा कसा? बाईने घरी तालीम सुरू केली. स्वतःच्या हाताने कप फोडला आणि विचारलं, "कुणी फोडला?"

"मीच," रंगारी म्हणाला.

पाच कप असेच गेले. सहाव्याला तो घाम पुसत म्हणाला, "मी... नाही." लेकीने टाळ्या वाजवल्या.

तारखेला शिडी कोर्टाच्या दारातून आत येईना. दोन शिपायांनी ती तिरकी करून कशीबशी आणली.

"गुन्हा कबूल?" न्यायाधीशांनी विचारलं.

रंगाऱ्याने डोळे मिटले. "नाकबूल!" तो एवढ्या मोठ्याने ओरडला की एका शिपायाच्या हातून शिडी सुटली.

"ही चुकून उचलली असेल, तर मग तुमची शिडी कुठे आहे?"

या प्रश्नाची बायको पहिल्या कपापासून वाट पाहत होती. ती उठून म्हणाली, "साहेब, यांच्या शिडीच्या चौथ्या पायरीला तार आहे. मीच गुंडाळलीय."

फिर्यादीही रंगारीच होता, त्याच कामावरचा. तो पांढराफटक पडला. "तार गुंडाळलेली एक शिडी माझ्या घरी आहे. शेवटी तेवढीच उरली होती, म्हणून नेली. मला कबूल आहे, साहेब, मी ती..."

"थांबा!" बाई ओरडली. "भाऊ, एक अक्षर कबूल करू नका! तुम्हीपण परवान्यावरच ना?"

फिर्यादीने मान डोलावली.

"मग आधी वकिलाला विचारा!"

न्यायाधीशांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. ही चोरी नव्हे, अदलाबदल आहे, असं म्हणून त्यांनी केस निकालात काढली.

बाहेर आल्यावर रंगाऱ्याने बायकोला हळूच विचारलं, "आता म्हणू का?"

"म्हणा एकदाचं!"

"माझंच चुकलं, भाऊ," तो फिर्यादीला म्हणाला.

"छे हो, माझंच!"

"नाही नाही, माझंच!"

दोघांचं ते संपेना. बाई मात्र थांबली नाही. दुकान बंद व्हायच्या आत तिला सहा कप घ्यायचे होते.